तिरक्या टाकीचं माप

मोटरसायकल साइड स्टँडवर लावली की डावीकडे कलते. डोळ्यांना याची इतकी सवय झालेली असते की 'गाडी कलली आहे' असं कोणी म्हणत नाही, 'गाडी उभी आहे' असंच म्हणतात. अशा उभ्या गाडीत पेट्रोल भरत गेलं, तर ते टाकीच्या तोंडाच्या डाव्या काठाला आधी टेकतं. उजवा काठ तेव्हा बोटभर कोरडा असतो.

ताईने हे पाहिलं होतं. त्या रविवारी पंपावर डाव्या काठाशी चकाकणारं पेट्रोल आणि उजवीकडचा निस्तेज, कोरडा धातू तिला स्वच्छ दिसला होता. पण तिचं सारं चित्त हातातल्या मापावर होतं, त्यामुळे डोळ्यांना दिसलेलं डोक्यापर्यंत पोचलंच नाही.

ताई मापांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुधाची, औषधाची, पेट्रोलची मापं तिच्या टेबलावर तपासायला येत. माप खरं निघालं की ती त्यावर शिक्का उठवायची, खोटं निघालं की परत पाठवायची. बोलणं बेताचं. तिच्या धाकट्या भावाने त्या दिवशी तिला पंपावर ओढून आणलं ते यासाठीच. तो म्हणाला होता, तू फक्त मोज, बाकी काही बोलू नकोस.

पंपामागच्या मोकळ्या जागेत भल्यामोठ्या गाड्यांची रांग लागली होती. हजार-हजार सीसीच्या गाड्या. रूप चित्त्याचं आणि तहान म्हशीची. या गाड्यांचे मालक एकमेकांना वेग सांगत, आवाज ऐकवत, पण अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की बुटांकडे बघत. भावाची बायको तर म्हणायची की घरात दोन तोंडं खाणारी आहेत आणि दारात एक पिणारं.

त्या गर्दीच्या मधोमध गुरू उभे होते. सगळे त्यांना गुरूच म्हणत. पांढरेशुभ्र हातमोजे, खांद्यावर रुळणारे केस, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत. कधीकाळी शर्यतीत पळायचे म्हणे. कुठल्या, ते कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या तळहातावर तांब्याचं एक कडं होतं. पेट्रोलच्या नळीभोवती ते बसवलं की गाडी दुप्पट, कधी तिप्पट अ‍ॅव्हरेज देते, असा त्यांचा दावा होता.

"पेट्रोल जळत नाही हो, पेट्रोल घाबरतं," गुरू सांगत होते. "पंपाने ढकललं, नळीत दाबलं, वर ठिणगी दाखवली. कोण घाबरणार नाही? घाबरलेला रेणू अर्धाच जळतो. माझं कडं त्याला धीर देतं. एवढंच."

दातांचे एक डॉक्टर त्या टोळक्यात होते. ते मान डोलावत म्हणाले की त्यांच्या खुर्चीतल्या पेशंटचंही अगदी असंच असतं. सगळे हसले, आणि हसता हसता रेणूंना भीती वाटते हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं.

प्रयोग भावाच्या गाडीवर झाला. गाडी स्टँडवर होती. तिची टाकी आधी काठोकाठ भरली. मग कड्याशिवाय महामार्गावर साठ किलोमीटरची फेरी. गुरू म्हणाले, पळव हवी तशी, ती जशी जन्माला आली तशी. भाऊ वाऱ्यासारखा गेला नि आला. आता कडं बसवायचं होतं. गुरूंनी त्याला उतरू दिलं नाही. कडं स्वीकारताना गाडीला स्वाराचा स्पर्श लागतो म्हणे. तेव्हा भाऊ गाडीवर बसलेला, पाय दोन्हीकडे टेकलेले, गाडी ताठ, आणि ताई मापाने पेट्रोल ओतत होती. टाकी पुन्हा काठोकाठ भरायला जवळजवळ पावणेसहा लिटर लागलं. लोक हळहळले.

दुसरी फेरी कड्यासह. या वेळी नियम होते. कडं नवं आहे, बुजतं. मूठ हळू पिळायची, इंजिनचा आवाज चढू द्यायचा नाही, ऐंशीच्या वर जायचं नाही, ब्रेक मारायची वेळच येऊ द्यायची नाही, मन शांत ठेवायचं. भाऊ मन शांत ठेवून परतला. गुरूंनी लगेच त्याला उतरवलं, कारण आता कड्याला एकांत हवा होता. गाडी स्टँडवर गेली. ताईने ओतायला घेतलं, आणि दोन लिटरमध्ये पेट्रोल काठाला टेकलं.

मग टाळ्या, शिट्ट्या, आणि कोणीतरी भावाला खांद्यावरच घेतलं. गुरूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अदबीने ताईकडे वळले. मापात काही खोट, असं त्यांनी विचारलं. ताईने मापाचा शिक्का पाहिला, रेघ पाहिली, आपण ओतलेलं मनात पुन्हा मोजलं.

"मोजमाप बरोबर आहे," ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. तिने ओतलेला थेंब न् थेंब मापात बरोबर होता. पुढे ज्याने तिची झोप उडवली, ते हेच.

*

चार दिवसांनी प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर तांब्याचं एक मोठं माप आलं. असं माप आलं की पहिलं काम ठरलेलं असतं. त्याच्याखालच्या पाटाचे स्क्रू फिरवायचे आणि पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे आणायचा. माप तिरकं असेल तर काठोकाठ भरलं या म्हणण्याला काही अर्थच उरत नाही. तिच्या हातांना हे इतकं पाठ होतं की त्यासाठी विचार करावा लागत नसे. बुडबुडा सरकत मधे येत होता आणि ताईच्या डोळ्यांसमोर एकदम पंपावरचा तो काठ आला. डावीकडे ओला, उजवीकडे बोटभर कोरडा.

तिने स्क्रूवरचा हात काढून घेतला.

तिने माप तपासलं होतं, गाडी तपासलीच नव्हती. आयुष्यभर भांडं सपाट बसवल्याशिवाय ज्या बाईने थेंब ओतला नाही, तिने त्या दिवशी एका कललेल्या भांड्यात ओतलं होतं आणि वर 'बरोबर आहे' असं सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी ती भावाकडे गेली. भाऊ घरी नव्हता, गाडी मागच्या शेडमध्ये होती. तिने भावजयीला मदतीला घेतलं. आधी स्टँडवरच टाकी काठोकाठ भरली. मग दोघींनी जोर लावून गाडी ताठ केली आणि भावजयीने ती तशीच धरून ठेवली. टाकीतली पातळी डोळ्यांदेखत खाली गेली. खांद्यांनी रुंद असलेल्या त्या टाकीच्या उजव्या कुशीत हवा अडकून राहिली होती. आता तिला वाट मिळाली. ताई ओतत गेली. काठोकाठ भरलेल्या टाकीत आणखी एक लिटर आणि वर पाव लिटर गेलं.

भावजय घामाघूम झाली होती. ती म्हणाली, "म्हणजे कडं काहीच करत नाही?"

ताईने तिला समजावलं. पहिल्या फेरीआधी टाकी तिरकी भरली, म्हणजे कमी भरली. फेरीनंतर ताठ भरली, तेव्हा ती तूटही त्या फेरीच्या खात्यात पडली. दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा तिरकी भरली, तेव्हा तेवढंच पेट्रोल कमी लागलं. सव्वा लिटर एकीकडे चढलं, सव्वा लिटर दुसरीकडे उतरलं. आणि बाकीचा फरक भावाच्या मुठीचा. पहिल्यांदा पळवली, दुसऱ्यांदा जपून चालवली. जपून चालवली तर कुठलीही गाडी कमी पिते, त्याला तांबं लागत नाही.

"सांगा त्यांना," भावजय म्हणाली.

"तू सांग की."

"मी सांगितलं तर बायको कटकट करते. तुम्ही सांगितलं तर ते विज्ञान." तिने पदराने कपाळ पुसलं. "ताई, लवकर सांगा पण."

ताई हो म्हणाली. उद्याच सांगते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांगायलाच ती गेली होती. भाऊ दारातच भेटला. खूप वर्षांत त्याचा असा चेहरा तिने पाहिला नव्हता. लहानपणी तो सारखे शोध लावायचा. एकदा त्याने अंगणातल्या पन्हळीत एक होडी सोडली, आपोआप चालणारी, आणि सगळ्या गल्लीला बघायला बोलावलं. ताईने पन्हळीखाली पट्टी धरली आणि सांगितलं की उतार आहे, होडी उताराने जातेय. गल्ली हसली. तो रात्री जेवला नव्हता. त्यानंतर त्याचे शोध मोडण्याचं काम जणू तिच्याकडेच आलं, आणि प्रत्येक वेळी ती बरोबर असायची. आता तो चहाचा कप तिच्या हातात देत म्हणाला:

"आयुष्यात पहिल्यांदा तुझं नि माझं उत्तर एक आलं, ताई."

तिने चहा घेतला. गार होईपर्यंत कप हातात धरून बसली. भावजय आतल्या दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती. ताई उठली, आणि निघताना उगाच पावसापाण्याचं बोलली.

असे तीन आठवडे गेले. रोज सकाळी केस विंचरताना ती वाक्य ठरवायची आणि रोज संध्याकाळी ते न बोलता परत आणायची. तेवढ्यात गुरूंचं कडं शहरभर झालं. प्रत्येक बैठकीत ते सांगत की आमचं काही ऐकू नका, प्रयोगशाळेतल्या ताईंनी स्वतः मोजलंय. प्रयोगशाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकदा तिला थांबवून आपली जुनी खटारा स्कूटर दाखवली. तिच्या नळीवर कडं चमकत होतं. तो म्हणाला, तुम्ही मोजलंय म्हटल्यावर मी डोळे झाकून विकत घेतलं. ताईच्या तोंडून एवढंच निघालं की हळू चालवत जा. तो खरंच हळू चालवू लागला. आठवड्याने आनंदाने सांगायला आला की कडं काम करतंय, पेट्रोल वाचतंय.

ताई आत जाऊन आपल्या टेबलाशी बसली. समोर शिक्का पडला होता. त्या दिवशी तिला तो कोणत्याही मापावर उठवता आला नाही.

*

मग भावाच्या टोळक्याची मोठी सहल ठरली. डोंगरापलीकडे मिठाचं पांढरं पठार पसरलं होतं. तीनशे किलोमीटर सरळ रस्ता. मधे ना पंप, ना झाड, ना फोनला रेंज. तिकडे जाणारे नेहमी मागे पेट्रोलचे कॅन बांधून जात. भाऊ सगळ्यांच्या पुढे राहणार होता. तो मान त्याला गुरूंनी दिला होता, कारण पहिलं कडं त्याच्या गाडीला लागलं होतं.

निघायच्या सकाळी भावजयीचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. ती म्हणाली की गुरूंनी सगळ्यांना कॅन काढून ठेवायला सांगितलंय. कडं आहे तर कॅन कशाला, संशय घेऊन गेलेल्या गाडीला कडं साथ देत नाही. ह्यांनी सगळ्यात आधी कॅन सोडला.

ताईने हिशेब केला. तो करायला तिला कागद लागला नाही. भावाची टाकी सतरा लिटरची. मोकळा सरळ रस्ता दिसल्यावर ही माणसं काही ऐंशीने जाणार नव्हती. दोनशे चाळीसाव्या किलोमीटरच्या आसपास कुठेतरी पुढची गाडी बंद पडणार होती आणि तिच्यामागे एकेक करत बाकीच्या. वर ऊन, खाली मीठ.

तिने शिक्क्याचं माप घेतलं, पाणसळ पिशवीत टाकली आणि पंपावर आली.

गाड्या निघण्याच्या तयारीत होत्या. भिंतीशी लाल कॅनची रास पडली होती आणि गुरू त्या राशीकडे हात करून त्याग म्हणजे काय ते सांगत होते. ताई दिसताच त्यांचा चेहरा खुलला. शुभेच्छा द्यायला आल्यात, ते म्हणाले. लोकांनी तिला वाट करून दिली. ती थेट भावाच्या गाडीपाशी गेली. गाडी स्टँडवर होती, टाकी आत्ताच काठोकाठ भरलेली, झाकण उघडंच. ताईने पाणसळ सीटवर आडवी ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

तिने भावाला गाडीवर बसून ती ताठ धरायला सांगितलं. तो हसत बसला. बुडबुडा मधे आला. टाकीतलं पेट्रोल खाली गेलं.

"आता बघा," ताई म्हणाली, आणि तिने मापाने ओतायला सुरुवात केली.

जवळचे लोक वाकले. दातांच्या डॉक्टरांनी सवयीने टाकीच्या तोंडात डोकावून पाहिलं. भरलेली टाकी पीत होती. अर्धा लिटर, पाऊण, एक, आणि वर पाव. तेव्हा कुठे पेट्रोल काठाला आलं, आणि या वेळी दोन्ही काठांना एकदम.

"बघितलंत," गुरू पुढे सरसावत म्हणाले. "कड्याने टाकीत जागा केली."

कोणीतरी हसलं. ताईने डॉक्टरांना विचारलं की तुमच्या गाडीला कडं आहे का. डॉक्टर ओशाळून म्हणाले की अजून नाही, पुढच्या आठवड्यात लावणार होतो. तिने त्यांच्याच गाडीची टाकी स्टँडवर काठोकाठ भरली, मग गाडी ताठ करायला लावली. तीही टाकी पुन्हा प्यायली. लिटरहून थोडं जास्तच. तिसरी गाडी लोकांनी आपणहून पुढे आणली. चौथीला कोणी ताईला विचारलंही नाही. आपलं आपणच ओतू लागले.

मग ताईने सगळं सांगितलं, भावजयीला सांगितलं होतं तसंच, हळू आणि क्रमाने. कोणत्या वेळी गाडी ताठ होती, कोणत्या वेळी कलती. स्वाराला कधी बसवलं, कधी उतरवलं. कड्याला स्पर्श का हवा होता आणि एकांत का हवा होता. पळवा कधी म्हटलं आणि मन शांत ठेवा कधी म्हटलं. जे नियम पाळायला लावले त्यांनीच पेट्रोल वाचवलं. ते कड्याशिवाय पाळले तरी वाचेल, आणि पठारावर पाळले नाहीत तर कडं असूनही संपेल. रेणूला भीती वाटत नाही. त्याला काही वाटतच नाही. वाटतं ते आपल्याला, आणि वाटण्याच्या भरात आपण पाणसळ काढायला विसरतो.

बोलता बोलता तिला दिसलं की लोक एकेक करत भिंतीकडे जाऊन कॅन उचलताहेत. काही जण नळीवरचं कडं ओढून काढत होते. वकिलासारखा दिसणारा एक जण गुरूंच्या दंडाला धरून त्यांना सावकाश काहीतरी विचारत होता.

गुरूंनी हात सोडवून घेतला. त्यांनी हातमोजे काढले, आणि त्यांचे हात पहिल्यांदाच दिसले. साधे हात होते, नखांत तेलाचा काळेपणा. त्यांनी आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी ह्यांनीच मोजलं," ते म्हणाले. "ह्यांनीच बरोबर सांगितलं. बाई तेव्हा खोटं बोलत होत्या की आता बोलताहेत, एवढं ठरवा आणि मग मला धरा."

सगळे ताईकडे वळले. त्यांच्यामागे, पंपाच्या खांबाला टेकून, भावजय उभी होती. ती कधी आली कोणी पाहिलं नव्हतं. तिने ताईकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

भाऊ अजून गाडीवरच बसला होता, दोन्ही पाय टेकून, गाडी ताठ धरून. त्याचा चेहरा पन्हळीच्या दिवशी झाला होता तसा झाला होता. पण या वेळी तो रागावला नव्हता. तो तिला वाट काढून देऊ बघत होता.

"तुला आज सकाळीच सुचलं ना हे, ताई?" तो हळूच म्हणाला. "आत्ताच कळलं ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दात गुरू खोटे ठरले असते, ती खरी राहिली असती, आणि भावाचाही मान थोडा शिल्लक राहिला असता. फाटकावरच्या पहारेकऱ्याला काही कळलं नसतं. कोणी मोजायला बसलं नसतं. आणि तिचा शब्द पुन्हा एकदा न मोजता पुढे गेला असता, त्या कड्यासारखा, हातोहात.

तिने माप जमिनीवर ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "मला त्याच आठवड्यात कळलं. तुझ्या शेडमध्ये मी ताडून पाहिलं, तुझ्या बायकोने गाडी धरली होती. तिने मला सांग म्हटलं, मी सांगितलं नाही. तीन आठवडे मी गप्प बसले, तुला वाईट वाटेल म्हणून, आणि माझी चूक उघडी पडेल म्हणूनही. त्या दिवशी मी माप बघितलं, गाडी बघितली नाही, आणि तरी बरोबर आहे म्हटलं. ते बरोबर नव्हतं. तेव्हा आता माझ्या शब्दावर कोणी काही घेऊ नका आणि काही सोडूही नका. गाडी सरळ उभी करा आणि आपलं आपण मोजा. आणि तू तो कॅन बांध."